मराठी सोळा, इंग्रजी बारा: फाँट आणि आकार कसे सुटे होत गेले

छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, विद्यापीठाच्या आसपासच्या टायपिंग सेंटरवर प्रबंध टाइप करायला दिला की एक नियम हमखास कानावर पडतो: ‘मराठी सोळा, इंग्रजी बारा.’ मराठी मजकूर सोळा पॉइंटात आणि त्यात अधूनमधून येणारी इंग्रजी नावं, संदर्भ बारा पॉइंटात. असं केलं की दोन्ही लिप्या एका ओळीत साधारण सारख्या उंचीच्या दिसतात. आता काही संशोधक लाटेक या संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे वळू लागले आहेत. तिथे दस्तऐवजाच्या डोक्यावर एकदाच ‘बारा पॉइंट’ असं सांगायचं असतं, आणि मराठी मजकूर बारीक दिसला की पहिली अडचण उभी राहते. ही अडचण समजून घ्यायची तर शिशाच्या खिळ्यापर्यंत, म्हणजे छापखान्यातल्या धातूच्या सुट्या अक्षरापर्यंत, मागे जावं लागतं.

छापखान्यात पॉइंट हे माप अक्षराचं नव्हतंच. ते ज्या धातूच्या ठोकळ्यावर अक्षर उठवलेलं असे, त्या ठोकळ्याचं माप. बारा पॉइंटाच्या ठोकळ्यावर रोमन लिपीचा ‘एक्स’ बसवायचा असेल तर वर ‘एच’ची दांडी आणि खाली ‘पी’ची शेपटी मावेल एवढी जागा सोडली की झालं. देवनागरीचं तसं नाही. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ‘द्ध’, ‘ट्ट’सारखी एकाखाली एक बसलेली जोडाक्षरं. हे तीन मजले त्याच ठोकळ्यात बसवायचे म्हटले की मधला मजला, म्हणजे मूळ अक्षर, आक्रसतं. देवनागरीचे बारा पॉइंट रोमनच्या बारापेक्षा लहान दिसतात ते यामुळे. सेंटरवरचा ‘सोळा-बारा’ हा आडाखा याच आक्रसण्याची भरपाई आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खिळ्यांच्या काळात ‘फाँट’ म्हणजे एका वळणाचा, एकाच आकाराचा संच. बारा पॉइंटाचा पांढरा (साधा) टाइप हा एक फाँट, बारा पॉइंटाचा काळा (ठळक) टाइप हा दुसरा, अठरा पॉइंटाचा काळा तिसरा. आकार वाढवायचा म्हणजे नवे ठसे, नवी ओतणी, नवी केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरीचं एकेक वळण प्रत्येक आकारासाठी पुन्हा कोरावं लागत होतं. त्यात देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खण. टाइपांची ही संख्या १९० पर्यंत आणण्यासाठी लोकमान्य टिळकांनी खटपट केली ती उगाच नव्हे. वळण, जाडी आणि आकार या तीन गोष्टी धातूत एकमेकींना चिकटलेल्या होत्या. फाँटनिवडीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हा चिकटा सुटत जाण्याचा इतिहास, असं मला वाटतं.

मराठवाड्यात तर मराठी छपाईच उशिरा सावरली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि सरकारदरबारची भाषा उर्दू. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेलं आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली गाजलेलं ‘मराठवाडा’ त्याच काळातून आलं. विद्यापीठ आलं १९५८ साली. म्हणजे मराठीतून प्रबंध लिहिणारा वर्ग इथे तयार होऊ लागला तेव्हा खिळ्यांचा जमाना उतरणीला लागायला दोन-तीन दशकंच उरली होती. पण अक्षराचा आकार ही इथल्या माणसाला नवी गोष्ट नव्हे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर हातानं लिहिलेला ग्रंथ. कुठे अक्षर मोठं करायचं, कुठे आवळायचं हे तिथे लिहिणाऱ्याच्या हातात होतं. यंत्र आलं आणि हा निर्णय त्या हातातून गेला.

हा निर्णय परत मिळवण्याची धडपड संगणकावर सुरू झाली ती गणितानं भरलेल्या एका पुस्तकापायी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नुथ आपल्या संगणकशास्त्राच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती काढत होते. पहिली आवृत्ती तापल्या शिशातून खिळे ओतणाऱ्या मोनोटाइप यंत्रावर जुळवलेली. १९७७ मध्ये शिशाऐवजी प्रकाशानं अक्षरं उमटवणाऱ्या नव्या पद्धतीची, फोटोटाइपसेटिंगची प्रुफं हातात आली आणि अक्षरांचं ते रूप त्यांना पाहवेना. त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती टेक. आणि तिच्या जोडीला अक्षरं रेखणारी मेटाफाँट ही भाषा.

क्नुथांनी मोनोटाइपच्या ‘मॉडर्न ८ए’ या वळणावरून ‘कंप्युटर मॉडर्न’ हे कुटुंब बेतलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. पाच पॉइंटाचं अक्षर म्हणजे दहाचं अक्षर निम्मं करून काढलेलं नाही. साठाहून अधिक मापं बदलत प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं रेखलं आहे: पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, बारा, सतरा. बारीक आकारात रेषा तुलनेनं जाड, अक्षरं रुंद, मधल्या मोकळ्या जागा ऐसपैस, म्हणजे तळटीपही डोळ्यांना ताण न देता वाचता यावी. खिळे कोरणारे कारागीर हेच करत असत. क्नुथांनी तो शहाणपणा सूत्रात बांधला. त्याउलट आज आपण वापरतो त्या बहुतेक देवनागरी फाँटांत एकच रेखाटन सगळ्या आकारांना ताणून किंवा आक्रसून लावलं जातं, आणि आठ पॉइंटाच्या तळटीपेत ‘घ’ आणि ‘ध’ ओळखताना त्याची किंमत कळते.

पण टेकमध्ये फाँट मागवायची रीत खिळ्यांच्याच काळातली राहिली. प्रत्येक वळण, जाडी आणि आकार यांना मिळून एक नाव द्यायचं आणि त्या नावानं हाक मारायची. ‘कुटुंब’ हा शब्द टेकमध्ये होता खरा, पण गणितापुरता: मूळ मजकुराचा, घातांकाचा आणि घातांकावरच्या घातांकाचा असे तीन आकार मिळून एक कुटुंब. १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लाटेक रचलं, तेव्हा लेखकाला ‘मोठा’, ‘त्याहून मोठा’ असे सोपे शब्द मिळाले. आकारांची ही शिडी १.२ च्या पटीनं चढते: दहा, बारा, १४.४, १७.२८ असं. तरी चिकटा कायम होता. ठळक अक्षर चालू असताना तिरपं मागितलं की ठळकपणा जाई. ठळक मागून मग आकार वाढवला की अक्षर परत साधं होई. आकार आधी, जाडी नंतर हा क्रम लोकांना पाठ करावा लागे.

हा गुंता सोडवला जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठातल्या फ्रँक मिटेलबाख आणि रायनर शोप्फ यांनी. १९८९ च्या सुमारास त्यांनी नवी फाँट निवड योजना मांडली, आणि १९९४ मध्ये लाटेक टू-ई आलं ते हीच योजना पोटात घेऊन. तिच्यात फाँटचे पाच पैलू एकमेकांपासून सुटे केले: संकेतन (कुठल्या घरात कुठलं अक्षर), कुटुंब, जाडी, ढब (सरळ की तिरपी) आणि आकार. यातला कुठलाही एक बदला, बाकीचे चार जागेवर राहतात. आकार सांगताना दोन आकडे द्यायचे, एक अक्षराचा आणि दुसरा एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचा. दुसरा आकडा म्हणजे खिळे जुळवणारा कंपोझिटर दोन ओळींत शिशाच्या पट्ट्या घालत असे, त्याचा वारस. लेख, अहवाल, पुस्तक अशा नेहमीच्या दस्तऐवज-प्रकारांत दहा, अकरा आणि बारा हे तीनच मूळ आकार ठेवले. अकरा मागितले तर प्रत्यक्षात १०.९५ मिळतात आणि ओळीचं अंतर १३.६. बारा मागितले तर अंतर १४.५. हे सगळे आकडे रोमन अक्षरं समोर ठेवून ठरलेले आहेत.

याच वर्षांत मराठीचं काय चाललं होतं? नेमकं उलट. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं, पुण्याच्या सी-डॅकचं भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट आलं, श्रीलिपी, आकृती हे फाँटसंच आले, गावोगावच्या छापखान्यांत पानं जुळवणारं पेजमेकर चालू लागलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळेची प्रश्नपत्रिका सगळं संगणकावर होऊ लागलं, आणि त्यानं मराठवाड्यातल्या लहान लहान गावांत छपाई पोचवली, हे मोल मोठंच आहे. पण त्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली होती. फाइलमध्ये खरोखर साठवलेलं असे ते रोमन चिन्ह. ते ‘क’ दिसणार की ‘म’, हे फाँट ठरवणार. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर टाइप करायचा. लाटेकमध्ये आकार आणि जाडी सुटी होत असताना मराठीत खुद्द मजकूरच फाँटला चिकटला.

मी हे सोसलं आहे. एका जुन्या फाँटात टाइप केलेली माझी शंभरेक पानं काही वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडली, तर एकही शब्द वाचता येईना. फाँट बदलून पाहिला, मजकूर आणखी बिघडला. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. असे किती प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांतल्या सीडींवर अडकून पडले असतील, हा विचार मला आजही सोडत नाही.

टेकच्या जगात देवनागरीची पहिली मोठी सोय १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातून आली. फ्रान्स वेल्टहाउस यांनी मेटाफाँटमध्ये देवनागरी अक्षरं रेखली आणि रोमन लिपीत टाइप केलेला मजकूर देवनागरीत बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मूर्धन्य ‘ठ’ हवा तर आधी टिंब द्यायचं, दीर्घ स्वर हवा तर अक्षर दोनदा. कष्टाचं होतं, पण मजकूर फाँटपासून सुटा होता. ती फाइल आजही उघडते, आजही वाचता येते. टेकच्या एका फाँटात २५६ घरंच असल्यानं जोडाक्षरं तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागत.

तोवर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं संकेतन, आलं होतं. पण टेकमध्ये ते सहज वापरता यायला २००४ उजाडलं. त्या वर्षी जोनाथन क्यू यांनी झीटेक हे टेकचं युनिकोड जाणणारं रूप आणलं, आधी फक्त मॅकवर, २००६ मध्ये लिनक्स आणि विंडोजवरही. संगणकात बसवलेला कुठलाही ओपनटाइप (आजच्या सर्वसाधारण साच्यातला) फाँट आता नावानं बोलावता येऊ लागला. त्यावर विल रॉबर्टसन यांनी फाँटस्पेक हे लाटेकचं पॅकेज लिहिलं आणि कुटुंबाची निवड एका ओळीवर आली. लुआटेक हे टेकचं दुसरं रूप वापरणाऱ्यांना हीच सफाई हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आत घेतल्यावर, २०२० पासून सहज मिळू लागली.

ती एक ओळ मात्र नीट लिहावी लागते. फाँटचं नाव देऊन थांबलं तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी येण्याऐवजी त्याच्यानंतर जाऊन बसते. लिपी देवनागरी आहे, हे वेगळं सांगायचं. आणि भाषा मराठी आहे, हेही. कारण त्यावर ‘ल’ आणि ‘श’ ठरतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. अनेक फाँटांत ही रूपं असतात, पण मूळ रूप हिंदीचं; भाषा मराठी सांगितली तरच मराठी रूप पुढे येतं. पुष्कळ प्रबंधांत हिंदी वळणाचे ‘ल’, ‘श’ दिसतात ते या एका शब्दाच्या अभावी. फाँट पारखायचा तर ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ टाइप करून पाहावं. ‘ऱ्य’ नीट उमटला तर फाँट करणाऱ्यानं मराठीचा विचार केलेला आहे.

दुसरी खाच कुटुंबांची. लाटेक तीन कुटुंबं धरून चालतं: मजकुराचं, बिनटोकाचं (रेषांच्या टोकांना शेपट्या नसलेलं) आणि टंकलेखनाचं (टाइपरायटरसारखं). मजकुरापुरता देवनागरी फाँट दिला आणि प्रकरणाची शीर्षकं बिनटोकाच्या कुटुंबात असली, तर शीर्षकाच्या जागी रिकामे चौकोन नाहीतर नुसती पोकळी येते, आणि कुठलं अक्षर सापडलं नाही याची नोंद लॉग फाइलमध्ये पडून राहते. तिन्ही कुटुंबांना देवनागरी जोडीदार द्यायचा.

आणि आकार. ‘सोळा-बारा’चा आडाखा इथे प्रमाण म्हणून लिहिता येतो: देवनागरी कुटुंब जाहीर करतानाच त्याला गुणक जोडायचा; सोळा-बारा म्हणजे १.३३, पण फाँट पाहून १.१ किंवा १.२ असाही चालतो. मग मजकूर, तळटीप, शीर्षक सगळीकडे तेवढंच प्रमाण आपोआप राखलं जातं. रोमनच्या उंचीशी आपोआप जुळवून घेण्याचाही पर्याय आहे, पण तो रोमन ‘एक्स’ची उंची मोजतो, देवनागरीसाठी मी त्यावर विसंबत नाही. आकडा हातानं द्यावा, एक पान छापावं, हातभर अंतरावर धरून पाहावं. गुणक वाढवला की ओळींतलं अंतरही थोडं वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. मूळ आकारच चौदा हवा असेल तर नेहमीच्या तीन आकारांपलीकडे चौदा, सतरा, वीस देणारे वाढीव दस्तऐवज-प्रकार तयार आहेत.

फाँटांचीही वानवा उरली नाही. राज्य मराठी विकास संस्थेनं काढलेला यशोमुद्रा, त्याच्यावर आधारून आयआयटी मुंबईत झालेला शोभिका, ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, ‘नोटो’ या फाँटकुटुंबातली देवनागरी. सगळे विनामूल्य. संस्कृत अवतरणं, मराठी विवेचन आणि इंग्रजी संदर्भ एकाच पानावर असतील तर मी शोभिका घेतो, कारण तिन्हींची अक्षरं त्यात आहेत.

परवा परभणीच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध पाहत होतो. मार्गदर्शकांनी अक्षर मोठं करा म्हणून सांगितलं होतं. तिनं फाँट जाहीर करणाऱ्या ओळीतला गुणक १.१ चा १.२ केला, ओळींचं अंतर किंचित सैल केलं आणि लाटेक पुन्हा चालवलं. पानं वाढली, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक आपसूक सरकले, आणि तिसऱ्या प्रकरणातली ज्ञानेश्वरीची ओवी पान तुटल्यामुळे दोन पानांत विभागली गेली, तेवढी तिनं हातानं सावरली.