क्रॅश डंप कोणी लिहायचा? कर्नलच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था, बिघडली की डिस्कवर दिसतो तो बहुतेक वेळा परिणाम असतो; कारण मेमरीत दडलेले असते. कोणत्या प्रोसेसने कोणते लॉक (एका वेळी एकालाच वापर देणारे कुलूप) धरून ठेवले होते, जर्नलचा (बदल आधी नोंदवण्याच्या वहीचा) कोणता व्यवहार अर्धवट राहिला होता, कोणता मेटाडेटा (फाइलींविषयीची माहिती) बदलूनही डिस्कवर उतरला नव्हता, हे सारे रिबूट होताच पुसले जाते. म्हणूनच बिघाडाच्या क्षणी मेमरीची प्रत काढून ठेवणे, म्हणजेच क्रॅश डंप घेणे, हा अशा तपासाचा पाया आहे. अडचण एवढीच, की ही प्रत लिहिण्याचे काम ज्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, येते तोच कोसळलेला असतो आणि ती ज्या वाटेने डिस्कवर जायची त्या वाटेवरच संशय असतो.

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात हे काम माणूस करत असे. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेनुसार पीडीपी-११ हा संगणक बंद पडल्यावर ऑपरेटरने टेप चढवायची, यंत्र थांबवायचे, कन्सोलवरून ४४ हा पत्ता भरायचा आणि तेथून यंत्र पुन्हा चालू करायचे. मग सगळी मेमरी टेपवर उतरत असे. लिहिताना आलेली कोणतीही चूक म्हणजे मेमरी संपली, असे तो छोटा प्रोग्राम मानत असल्यामुळे टेप नवी व स्वच्छ असावी, अशी सूचनाही तिथे होती. पुढे बीएसडी या युनिक्सच्या शाखेने डंप स्वॅपच्या, म्हणजे मेमरीतील मजकूर तात्पुरता ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेल्या, जागेवर लिहायला सुरुवात केली आणि पुढच्या बूटच्या वेळी 'सेव्हकोअर' हा प्रोग्राम तो उचलून फाइलमध्ये ठेवू लागला. स्वॅपवर फाइलसिस्टीम नसते आणि रिबूटनंतर तेथील मजकूर कोणाला नको असतो, त्यामुळे ही निवड शहाणपणाची होती. तरी डिस्कचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारा कोड) मात्र कोसळलेल्या कर्नलचाच वापरावा लागत होता.

लिनक्समध्ये दीर्घकाळ 'ऊप्स'चा मजकूर, म्हणजे पडद्यावर उमटणारी रजिस्टरे आणि फंक्शनांची साखळी, एवढाच पुरावा हाती लागत असे. १९९९ मध्ये एसजीआय या कंपनीने एलकेसीडी हा क्रॅश डंपचा प्रकल्प पुढे आणला, पण त्यातही डंप लिहिणारा कर्नल तोच होता. ज्याच्या रचनाच बिघडल्या आहेत त्याने डिस्कवर लिहायला घेतले, तर चुकीच्या ठिकाणी लिहून चांगला डेटाही नष्ट होण्याचा धोका होता. एलकेसीडी मुख्य कर्नलमध्ये कधीच आला नाही. रेड हॅटच्या नेटडंपने डिस्क टाळून नेटवर्कवरून प्रत दुसऱ्या यंत्राकडे पाठवली. फुजित्सूकडून आलेल्या डिस्कडंपने इंटरप्टवर (उपकरणाने दिलेल्या इशाऱ्यावर) विसंबून न राहता पोलिंगने, म्हणजे उपकरणाला स्वतःच पुन्हापुन्हा विचारत, लिहिण्याचा मार्ग धरला. दोन्ही उपाय उपयोगी होते, मात्र दोन्हींना ड्रायव्हरमध्ये खास बदल लागत, आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला केक्सेकमुळे. एरिक बीडरमन यांच्या या कामामुळे बायॉसकडे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामकडे) न जाता चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये उडी घेता येऊ लागली. त्याच पायावर आयबीएमचे विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि त्यांचे सहकारी यांनी केडंप उभा केला, आणि ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ या आवृत्तीत केक्सेक व केडंप दोन्ही मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले. यात मेमरीचा एक तुकडा बूटच्या वेळीच राखून ठेवला जातो आणि त्यात दुसरा कर्नल आधीच आणून ठेवलेला असतो. पहिला कोसळला की दुसऱ्याचा चेकसम (तो बिघडलेला नाही हे दाखवणारा आकडा) तपासून ताबा त्याच्याकडे दिला जातो. जुन्या उपकरणांचे चालू असलेले डीएमए (प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिण्याचे) व्यवहार जुन्याच मेमरीत लिहीत राहतात, राखीव तुकड्याला हात लावत नाहीत. नव्या कर्नलला जुनी मेमरी '/प्रॉक/व्हीएमकोअर' या फाइलच्या रूपात दिसते, आणि लिहिण्याचे काम अखेर निरोगी हातांत येते.

फाइलसिस्टीमच्या बिघाडात मात्र अजूनही तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. पहिले म्हणजे असा बिघाड झाला तरी पुष्कळदा पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःहून थांबणे, होतच नाही. लिनक्सच्या फाइलसिस्टीमांपैकी एक्सटी४ सहसा केवळ वाचनापुरती उरते किंवा चूक नोंदवून पुढे चालू राहते, एक्सएफएस स्वतःला बंद करून घेते, आणि कर्नल चालूच राहतो; डंप हवा असेल तर एक्सटी४ला 'एरर्स=पॅनिक' हा माउंट पर्याय आणि एक्सएफएसला 'पॅनिक_मास्क' आधीच द्यावा लागतो. लॉकमध्ये सगळे अडकले असेल, तर 'हंग_टास्क_पॅनिक' कामी येतो.

दुसरे म्हणजे डंप ठेवण्याची जागा. अनेक वितरणांत ती मूळ (रूट) फाइलसिस्टीमवरील '/व्हार/क्रॅश' असते. तीच बिघडलेली असेल, तर दुसरा कर्नल ती माउंट करताना जर्नल पुन्हा चालवतो आणि डिस्कवरची बिघाडाच्या क्षणाची स्थिती बदलते. पंचनाम्याआधी घटनास्थळ धुऊन काढण्यासारखाच हा प्रकार. अशा यंत्रांवर डंप नेटवर्कवरून (एसएसएच, एनएफएस) दुसऱ्या यंत्राकडे किंवा वेगळ्या कोऱ्या पार्टिशनकडे पाठवणेच योग्य.

तिसरी बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे. डंपचा आकार आवरण्यासाठी एनईसीकडून आलेले 'मेकडंपफाइल' नको असलेली पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) गाळते: शून्यांची पाने १, खाजगी माहिती न जोडलेली कॅशे पाने (डिस्कवरील मजकुराच्या मेमरीतील प्रती) २, सर्व कॅशे पाने ४, वापरकर्त्याची पाने ८ आणि मोकळी पाने १६, अशा आकड्यांची बेरीज करून पातळी ठरते. पुष्कळ ठिकाणी ती ३१ ठेवलेली असते, म्हणजे या पाचही प्रकारची पाने गाळली जातात. पण एक्सटी४चे मेटाडेटा ब्लॉक ब्लॉक-उपकरणाच्या कॅशेतच असतात आणि त्या पानांना बफर हेड, म्हणजे वरच्या यादीतील खाजगी माहिती, जोडलेले असतात. त्यामुळे ३१ वर घेतलेल्या डंपमध्ये 'क्रॅश' या साधनाने स्टॅक, लॉक आणि अडकलेल्या प्रोसेस नीट वाचता येतात, मात्र ज्या बिटमॅपवर (कोणते ब्लॉक वापरात आहेत याच्या नोंदीवर) किंवा आयनोड तक्त्यावर (फाइलींच्या नोंदींच्या तक्त्यावर) वाद आहे तो ब्लॉक उघडू गेले की ते पान गाळल्याचा संदेश येतो. माझ्या मते फाइलसिस्टीमचा तपास डोळ्यांसमोर असेल, तर ३१ ऐवजी २७ ही पातळी ठेवावी. डंप मोठा होतो आणि लिहायला वेळ लागतो, पण बफर जोडलेली पाने त्यात राहतात.