उच्चतापसह डायवर दंत पोर्सेलीन भाजणे

भट्टीची धग सोसणाऱ्या दातप्रतिकृतीवर पोर्सेलीनचा ओला लगदा थराथराने चढवून तो प्रतिकृतीसकट भाजण्याची दंत प्रयोगशाळेतील रीत. या प्रतिकृतीला उच्चतापसह डाय म्हणतात. समोरच्या दातांवर चिकटवायचे पातळ पापुद्रे म्हणजे व्हेनियर, शिवाय इनले (दाताच्या खळगीत बसणारा तुकडा) आणि ऑनले (दाताचे उंचवटेही झाकणारा तुकडा) या रीतीने घडवतात. आत धातू नसल्याने प्रकाश खऱ्या दातासारखा आरपार खेळतो. पण धातूचा आधार नाही म्हणून भाजताना झालेली चूक कुठे लपतही नाही.

याच कामाची जुनी रीत प्लॅटिनमच्या वर्खाची. सुमारे 0.025 मिमी जाडीचा वर्ख डायवर घट्ट बसवायचा, त्यावर पोर्सेलीन भाजायचे आणि शेवटी वर्ख सोलून काढायचा. अमेरिकन दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी तात्पुरते पापुद्रे बनवले होते, पण ते दातावर पक्के टिकवण्याचा उपाय तेव्हा नव्हता. 1983 मध्ये दंतसंशोधक सिमनसन व कॅलामिया यांनी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडलेले पोर्सेलीन रेझिनला (दाताला चिकटवणाऱ्या राळेला) घट्ट धरते हे दाखवले. त्यानंतर व्हेनियरची मागणी वाढली आणि उच्चतापसह डायलाही महत्त्व आले.

डायची पूड फॉस्फेट बंधकाची असते : मॅग्नेशियम ऑक्साइड, अमोनियम फॉस्फेट आणि सिलिका. ती कलिली सिलिकाच्या (पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म सिलिका-कणांच्या) द्रवात निर्वातात कालवतात. द्रव जितका तीव्र, तितकी डाय जास्त प्रसरण पावते. म्हणून द्रव व ऊर्ध्वपातित पाणी यांचे प्रमाण अंदाजाने घेतले, तर पापुद्रा ढिला तरी होतो किंवा बसतच नाही. पापुद्र्याची कड कुठे संपते ते दाखवणारी रेघही भट्टीत न जळणाऱ्या खास पेन्सिलीने मारावी लागते, कारण साधे शिसे उडून जाते.

बहुतेक बिघाडांचे मूळ पोर्सेलीनमध्ये नसून डायमध्ये राहिलेल्या वायूत आणि पाण्यात असते. घट्ट झालेल्या डायमध्ये अमोनिया बांधलेला असतो. तो आधी काढला नाही, तर पोर्सेलीन भाजताना बाहेर पडतो, थरात बुडबुडे करतो आणि भट्टीची आतली भिंत मळवतो. त्यामुळे डाय आधी साध्या भट्टीत सावकाश साधारण 700° से. पर्यंत तापवतात आणि मगच पोर्सेलीनच्या भट्टीत, निर्वातात, सुमारे 1000° से. च्या वर नेतात. नेमके आकडे त्या पुडीच्या तक्त्यातूनच घ्यावेत. सावकाश तापवण्याला आणखी एक कारण आहे. सिलिकेच्या स्फटिकरूपांपैकी क्रिस्टोबलाइट 200 ते 270° से. च्या दरम्यान आणि क्वार्ट्झ 573° से. ला एकदम फुगते. घाई केली तर डाय तडकते.

एवढे झाल्यावर डाय सच्छिद्र आणि तहानलेली असते. कोरडीच वापरली, तर ती लगद्यातले पाणी शोषून घेते, कण नीट दाटत नाहीत आणि डायलगत पोकळ्या राहतात. बुडबुडे येणे थांबेपर्यंत ती ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवावी. पण तेच पाणी भट्टीच्या तोंडाशी शत्रू होते : वाळवणी अपुरी राहिली, तर वाफ थर उचकटून टाकते. धातूवरच्या कॅपपेक्षा इथे वाळवणीला जास्त वेळ द्यावाच लागतो. पहिला थर अगदी पातळ, डायची छिद्रे बुजवणारा असावा. त्याची भाजणी नीट झाली की पुढचे थर त्याला धरून बसतात.

डाय जाड असल्याने उष्णता स्वतःच पिऊन घेते. धातूच्या कॅपसाठी लावलेला भट्टीचा कार्यक्रम तसाच चालवला, तर पोर्सेलीन कच्चे राहते. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा : कच्चे पोर्सेलीन खडूसारखे पांढुरके दिसते, नीट भाजलेल्यावर ओलसर चकाकी येते आणि कडा धारदार राहतात, जास्त भाजलेल्याच्या कडा गोल होतात आणि कोरलेला पोत विरतो. भाजताना घनफळ साधारण एक तृतीयांशाने आकसते आणि थर जाड भागाकडे ओढला जाऊन कडेपासून सुटतो. म्हणून आकार थोडा मोठा ठेवून दुसऱ्या भाजणीत फटी भरतात.

डाय आणि पोर्सेलीन यांचे प्रसरण जुळले पाहिजे. झिर्कोनियावर (कॅपच्या आतल्या कठीण पांढऱ्या सिरॅमिकवर) चढवायचे पोर्सेलीन कमी प्रसरणाचे असते. ते नेहमीच्या फेल्डस्पार खनिजाच्या पोर्सेलीनसाठी केलेल्या डायवर चढवले, तर थंड होताना सुटते. उलट पोर्सेलीन डायपेक्षा जास्त आकसले, तर ते ताणले जाऊन त्यात भेगा जातात. भट्टी घाईने उघडणेही टाळावे.

शेवटी डाय फोडून काढावी लागते. पोर्सेलीनपासून दूरचा भाग ॲल्युमिनाच्या वाळूने उडवला तरी चालतो; जवळ मात्र 50 मायक्रॉनचे काचमणी आणि कमी दाबच हवा, नाहीतर पातळ कड निघून जाते. या धुळीत सिलिका असते, त्यामुळे शोषयंत्राची पेटी आणि मास्क यांशिवाय हे काम करू नये. पापुद्रा नंतर मूळ दगडी (कठीण जिप्समच्या) डायवर बसवून तपासतात. कड तुटलीच, तर फोडलेल्या डायवर परत जाता येत नाही. म्हणून अनुभवी कारागीर सुरुवातीलाच त्याच मापावरून दुसरी डाय ओतून ठेवतो.