हाडवैऱ्याशी अदलाबदल: खेळाडू तोलायचा कसा?

१३ मे २०१३ ची रात्र. बॉस्टनच्या टीडी गार्डनमध्ये आइस हॉकीचा सामना रंगलाय, बॉस्टन ब्रुइन्स विरुद्ध टोरांटो मेपल लीफ्स. सात सामन्यांच्या मालिकेतला सातवा, हरेल तो घरी. शेवटच्या वीस मिनिटांच्या सत्रात टोरांटो ४–१ ने पुढे होतं. मग बॉस्टनने एक गोल फेडला. घड्याळात ८२ सेकंद उरली असताना दुसरा, ५१ सेकंद उरली असताना तिसरा. ४–४! जादा वेळेत पॅट्रिस बर्जेरॉनने पाचवा घातला आणि टोरांटोचा हंगाम तिथेच संपला.

मला या सामन्यात खरी मजा वाटते ती कोण कुठल्या बाजूला उभं होतं याची. बॉस्टनचा गोल राखत होता टुक्का रास्क. त्याला २००५ मध्ये निवडलं होतं टोरांटोने, आणि एकही सामना न खेळवता वर्षभरात बॉस्टनला देऊन टाकलं होतं. बॉस्टनच्या आघाडीच्या फळीत टायलर सेगिन होता. नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या ज्या हक्कावर बॉस्टनने त्याला उचललं, तो हक्क मुळात टोरांटोचा. आणि टोरांटोचा तिसरा गोल करणारा फिल केसल? तो बॉस्टनमधूनच आलेला. दोन हाडवैऱ्यांनी तीन वर्षांच्या अंतराने केलेले दोन सौदे त्या रात्री एकाच बर्फावर समोरासमोर आले होते.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवी टर्फ येते. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची, स्केट घालून, चेंडूऐवजी रबरी चकतीने खेळायची. तिथल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि २००५ पासून तिथे पगाराला कमाल मर्यादा आहे. एका संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा ते ठरलेलं. सुरुवातीला ही मर्यादा ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ च्या हंगामात ती ९.५५ कोटींवर गेली. त्यामुळे 'पैसे फेकले की झालं' हा मार्ग बंद. हवा तो खेळाडू मिळवायचा तर बऱ्याचदा आपला कुणीतरी द्यावा लागतो. मग घराघरांत, बसमध्ये, कँटीनमध्ये एकच खेळ चालतो: 'समजा, आपण त्यांना हा दिला आणि त्यांनी आपल्याला तो दिला तर?' हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईत परत आला तेव्हा आपल्याकडेही ही चर्चा झालीच होती. तिकडे ती बारमाही असते.

या काल्पनिक सौद्यांचा एक ठरलेला रोग आहे. सौदा सुचवणारा नेहमी जिंकतो. आपले दोन राखीव गडी आणि समोरच्याचा हुकमाचा एक्का, आणि वर 'दोघांचाही फायदा आहे बघ' अशी मखलाशी. यात लबाडी असतेच असं नाही. डॅनियल काहनेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी कॉफीचे मग दिले आणि बाजार भरवला. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी तो विकायला साधारण सव्वापाच डॉलर मागितले. ज्यांच्या हातात नव्हता ते सव्वादोन ते पावणेतीनच्या वर जाईनात. तोच मग, मिळून जेमतेम काही मिनिटं झालेली, आणि 'माझा' म्हटल्याबरोबर किंमत दुप्पट. जो पोरगा अठराव्या वर्षापासून आपल्या संघाच्या शर्टात वाढला, त्याचं काय होत असेल!

त्यात 'एकाला तीन'चा मोह. तीन मध्यम खेळाडूंच्या गुणांची बेरीज कागदावर एका ताऱ्याइतकी भरते. पण बर्फावर एका वेळी एका संघाचे गोलरक्षक धरून सहाच जण उतरतात. साठ मिनिटांच्या सामन्यात तारा वीस-बावीस मिनिटं खेळतो. ती मिनिटं तिघांत वाटायची म्हटली तर आधीच्या तिघांना बसवावं लागतं. म्हणून विश्लेषक खेळाडूची तुलना शून्याशी करत नाहीत. बाजारात कधीही स्वस्तात मिळेल अशा बदली खेळाडूच्या वर तो किती भरतो, तेवढंच त्याचं वजन. या मापाने तीन मध्यम खेळाडू मिळूनही बऱ्याचदा पारडं हलत नाही. चार पावल्यांचा रुपया होतो, हे गणित इथे लागू नाही.

पण वजन करायचं ते कशाचं? सर्वसाधारण माणूस गोल मोजतो. हॉकीत साधारण दहा फटक्यांत एक गोल होतो, म्हणजे गोल ही दुर्मीळ घटना आहे, आणि दुर्मीळ घटनेत नशिबाला फार वाव असतो. चकती कुणाच्या तरी स्केटला लागून आत जाते, लोखंडी खांबाला लागून बाहेर येते. म्हणून अभ्यासकांनी 'अपेक्षित गोल' हे माप काढलं. प्रत्येक फटका किती अंतरावरून, कुठल्या कोनातून, परतलेल्या चकतीवर मारला की थेट, हे नोंदवायचं आणि तशा हजारो फटक्यांपैकी किती गोल झाले ते बघायचं. गोलसमोरून मारलेल्या फटक्याचं मोल जास्त, लांबून कोपऱ्यातून मारलेल्याचं नगण्य. खेळाडूचे खरे गोल अपेक्षेच्या फारच वर गेले असतील, तर पुढच्या वर्षी ते खाली येण्याची शक्यता दाट.

जोनाथन ह्युबर्डोचं उदाहरण यासाठी शिकवण्यासारखं आहे. फ्लोरिडाकडून खेळताना २०२१-२२ मध्ये त्याने गोल आणि गोलसाठी केलेली मदत मिळून ११५ गुण मिळवले. त्या जुलैत फ्लोरिडाने तो, बचावपटू मॅकेन्झी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि नवे खेळाडू निवडण्याचा पहिल्या फेरीतला एक हक्क कॅल्गरीला दिला आणि मॅथ्यू कचकला घेतलं (इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक टी आहे, तो मुका). कचकचे गुण होते १०४. कागदावर कॅल्गरीने बाजी मारली, असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पुढच्या हंगामात ह्युबर्डो ५५ वर आला, कचक १०९ वर गेला. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली करंडक जिंकला.

यात नवा प्रशिक्षक, नवे साथीदार, वेगळी खेळायची पद्धत हे सगळं आलंच. सगळा दोष सरासरीकडे परतण्याच्या नियमावर ढकलणं बरोबर नाही. पण दोन गोष्टी सौद्याच्या दिवशीही दिसत होत्या. आयुष्यातल्या सर्वोत्तम वर्षानंतर कोणीही साधारणपणे खालीच येतो. आणि ह्युबर्डो २९ वर्षांचा होता, कचक २४ चा. हॉकीत आघाडीच्या खेळाडूंची धार विशीच्या मध्यावर सगळ्यात तीक्ष्ण असते. तिशीच्या तोंडावर उतार लागतो. त्या उतारावर कॅल्गरीने ह्युबर्डोशी आठ वर्षांचा, ८.४ कोटी डॉलरचा करार केला. बैल घेताना आपला शेतकरी आधी दात बघतो, ते उगाच नाही.

गोलरक्षकांच्या बाबतीत तर दात बघूनही कळत नाही. २००६ मध्ये टोरांटोने रास्क देऊन बॉस्टनचा अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला, तो नवोदितांचा मानाचा किताब मिळवलेला गोलरक्षक होता. २००३-०४ मध्ये त्याने दर हजार फटक्यांपैकी ९२६ अडवले होते. आता थोडं गणित. समजा एखाद्या रक्षकाची खरी कुवत हजारी ९१० आहे. एका हंगामात त्याच्यावर दीड हजार फटके येतात. नाणेफेकीला लागू होणारं संख्याशास्त्र इथे लावलं तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा ८९५ ते ९२५ च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. म्हणजे सामान्य रक्षकालाही एखाद्या वर्षी किताब मिळून जाईल! रेक्रॉफ्टने त्यानंतरच्या हंगामात हजारी ८७९ अडवले, आणि सौदा झाला तो त्यानंतर. टोरांटोने उजळलेलं वर्ष खरं मानलं आणि काळवंडलेलं अपवाद. रास्कने २०१४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार घेतला.

आणि एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही: समोरचा हा खेळाडू का विकतोय? रेक्रॉफ्टला रोज सरावात बघणारे बॉस्टनचे प्रशिक्षक होते, टोरांटोचे नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं आणि पुढे त्याला नोबेल मिळालं. गाडीची खोड विकणाऱ्यालाच ठाऊक असते, म्हणून विकायला काढलेली गाडी सरासरी गाडीपेक्षा वाईट असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा सौदा केसलचा, सप्टेंबर २००९. टोरांटोने त्याच्या बदल्यात खेळाडू दिलाच नाही. पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक दुसऱ्या फेरीची दिली. तरुण खेळाडू निवडण्याचा हक्क साधारण उलट क्रमाने मिळतो, तळातल्या संघाला वरचा. शिवाय या क्रमांकांच्या किमती पायऱ्यांसारख्या उतरत नाहीत, कड्यासारख्या कोसळतात: पहिल्या-दुसऱ्या निवडीत जेवढं अंतर, तेवढं तिसाव्या-एकतिसाव्यात शोधूनही सापडत नाही. म्हणजे टोरांटोने जो चेक दिला, त्यावरची रक्कम त्यांच्याच पुढच्या हंगामावर अवलंबून होती. केसल आला म्हणजे आपण वर चढू, चेक किरकोळ निघेल, असा हिशेब असावा. त्या वर्षी टोरांटो तेव्हाच्या ३० संघांत २९ वं आलं. चेकवर आकडा पडला: दुसरी निवड, टायलर सेगिन. पुढच्या वर्षीच्या निवडीतून डगी हॅमिल्टन. आजकाल अशा हक्कांना अट घालतात, फार वरचा क्रमांक आला तर तो आमच्याकडेच राहील. त्या सौद्यात ती नव्हती.

आता मूळ दुखणं. खेळाडू चांगल्या भावाने जातोय, पण घेणारा शेजारी आहे, दरवर्षी आपल्याच गटात भेटणारा. वैऱ्याला बळ दिल्याचा किती दंड लावायचा? हा हिशेब मी स्वतः पाठकोऱ्या कागदावर केला. हॉकीत ढोबळमानाने सहा गोलांची आघाडी म्हणजे हंगामात एक विजय. समजा आपला तारा बदली खेळाडूपेक्षा हंगामात १८ गोलांनी सरस आहे, म्हणजे तीन विजयांचा माणूस. ८२ सामन्यांत वाटले तर सामन्यामागे सुमारे ०.२२ गोल. शेजाऱ्याशी वर्षात फार तर चार सामने. म्हणजे त्याने आपलं थेट नुकसान केलं तरी एक गोलही नाही. एका विजयाचा सातवा हिस्सा!

शेजारी गुणतक्त्यात तीन विजयांचे सहा गुण वर सरकेल हे खरं. पण त्याचा त्रास गटातल्या बाकी सहा संघांनाही होईल, एकट्या आपल्याला नाही. (गंमत म्हणजे या लीगमध्ये जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो, त्यामुळे दोन वैरी आपापसात खेळून दोघेही पुढे सरकू शकतात.) खरा धोका बाद फेरीत. बरोबरीच्या दोन संघांत तो तारा प्रत्येक सामन्याची शक्यता ५० टक्क्यांवरून ५३.७ वर नेतो. सात सामन्यांच्या मालिकेत हे साठत जातं आणि मालिका जिंकण्याची शक्यता ५८ च्या आसपास पोचते. आठ टक्के, हे थोडं नाही. पण दोघांची बाद फेरीत गाठ पडण्याची शक्यता चारात एक धरली, तर दंड उरतो दोन टक्के.

एवढ्याशा दंडासाठी चांगला सौदा मोडावा का? माझं मत, नाही. व्यवस्थापक मात्र मोडतात, आणि त्यांना वेड्यात काढणंही कठीण आहे. दोन टक्के हा आकडा छापून येत नाही. सातव्या सामन्यातला गोल येतो. एडमंटनने १९८८ मध्ये हॉकीतला महातारा वेन ग्रेट्झकी याला आपल्याच गटातल्या लॉस एंजेलिसला दिलं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसने एडमंटनला पहिल्या फेरीत घरी पाठवलं, आणि त्यावर चर्चा किती झाली! त्याच्या पुढच्या वर्षी एडमंटनने लॉस एंजेलिसला ४–० धुऊन करंडकही नेला, ते आठवायला जरा वेळ लागतो.

म्हणून ताऱ्याला शक्यतो दूरच्या किनाऱ्यावर पाठवायची पद्धत. कोलोरॅडोने तेच केलं. २४ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी मिको रांतानेनला पार पूर्वेकडच्या कॅरोलायनाला दिलं. तिथे तो १३ सामने खेळला, नवा करार जमला नाही, आणि बरोबर सहा आठवड्यांनी, ७ मार्चला, कॅरोलायनाने त्याला डॅलसला दिलं. डॅलस कोलोरॅडोच्याच गटातलं. बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात दोघांची गाठ पडली आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. शेवटच्या सत्रात कोलोरॅडो २–० ने पुढे होतं. त्या एका सत्रात रांतानेनने तीन गोल केले, उरलेल्या एकाला मदत केली, डॅलस ४–२ ने जिंकलं.

त्याच मालिकेतला तिसरा सामना डॅलसने डेन्व्हरमध्ये जादा वेळेत जिंकला होता. तो गोल होता टायलर सेगिनचा. २०१३ च्या त्या रात्रीनंतर दोन महिन्यांच्या आत बॉस्टनने त्याला आणखी दोघांसोबत डॅलसला देऊन टाकलं होतं, आणि बदल्यात घेतले होते चार खेळाडू.