फायलींवरून इन्स्टॉलेशन सीडी तयार करणे

संगणकात असलेल्या सेटअपच्या फायली गोळा करून त्यांपासून नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येईल, आणि मुख्य म्हणजे जिच्यावरून संगणक थेट सुरू होईल, अशी सीडी, डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह बनवण्याची प्रक्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात तिचा संबंध विंडोज एक्सपी या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळाशी आणि एकाच संगणकावर मराठी व कन्नड दोन्ही लिहिण्याच्या गरजेशी येतो. म्हणून या नोंदीत एक्सपीचा भाग मोठा आहे.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. अनेक तयार संगणकांसोबत तिची सीडी मिळत नसे. सी ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या फोल्डरात आय३८६ नावाचा फोल्डर मात्र असे. सेटअपच्या जवळजवळ सगळ्या फायली त्यातच असतात. तरीही तो फोल्डर उचलून कोऱ्या सीडीवर उतरवला, तर त्या सीडीवरून संगणक सुरू होत नाही. विंडोज चालू असताना ती उघडते, फायली दिसतात, पण हार्ड डिस्क बिघडल्यावर तिचा उपयोग शून्य.

कारण सीडीच्या रचनेत आहे. आयएसओ ९६६० हे १९८८ चे मानक सीडीवरील माहिती २,०४८ बाइटच्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरांत मांडते. पहिले १६ सेक्टर राखीव असतात आणि सीडीचे मुख्य वर्णन १६ क्रमांकाच्या सेक्टरात असते. फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये 'एल तोरितो' हे पूरक मानक दिले. त्यानुसार १७ क्रमांकाच्या सेक्टरात बूटची, म्हणजे संगणक सुरू करण्याची नोंद असते. बायोस, म्हणजे संगणक चालू होताच प्रथम चालणारा अंगभूत प्रोग्रॅम, ती वाचतो, तिने दाखवलेल्या बूट कॅटलॉगकडे जातो आणि तिथून सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम मेमरीत घेतो. एक्सपीच्या सीडीवर हा प्रोग्रॅम २,०४८ बाइटचा, म्हणजे जेमतेम एका सेक्टराएवढा असतो, आणि तो कोणत्याही फोल्डरात फाइल म्हणून दिसत नाही. आय३८६ कितीही पूर्ण असला तरी हा तुकडा त्यात सापडायचा नाही. तो मूळ सीडीवरून वेगळा काढून घ्यावा लागतो आणि इमेज (पूर्ण सीडीची एकाच फाइलीतली प्रत) बनवणाऱ्या प्रोग्रॅमला 'नो इम्युलेशन' (सीडीला फ्लॉपी न भासवता बूट) हा पर्याय व चार सेक्टर (इथे ५१२ बाइटचे) सांगून जोडावा लागतो.

मांडणीतही चूक चालत नाही. आय३८६ फोल्डर सीडीच्या मुळाशीच हवा. दुसऱ्या फोल्डरात ठेवला तर बूट प्रोग्रॅमला तो सापडत नाही आणि पडद्यावर एनटीएलडीआर (विंडोज सुरू करणारी फाइल) मिळत नसल्याचा संदेश येतो. फायलींच्या नावांना आयएसओच्या नियमाने जोडला जाणारा आवृत्तिक्रमांक गाळला नाही तरी हाच संदेश येऊ शकतो. शिवाय मुळाशी विन५१ आणि प्रोफेशनल आवृत्तीसाठी विन५१आयपी अशा नावांच्या ओळखफायली लागतात. त्यांच्यावरून सेटअप आपली सीडी ओळखतो. त्या नसतील तर सीडी ड्राइव्हमध्ये असूनही 'सीडी घाला' असा आग्रह सुरू राहतो.

सीमाभागात सगळ्यात जास्त अडायचे ते आय३८६ मधल्या लँग या उपफोल्डरापाशी. बेळगावातल्या डीटीपीच्या दुकानात एकाच संगणकावर सकाळी मराठी लग्नपत्रिका आणि दुपारी तहसीलदार कचेरीचा कन्नड अर्ज होतो. श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांवर हे काम एक्सपीत सहज चाले. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, आल्यावर मात्र एक्सपीला भारतीय लिप्यांची जुळणी शिकवावी लागे. देवनागरी विंडोज २००० मध्येच होती, कन्नडची सोय एक्सपीने आणली. देवनागरीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा हे तिचे फाँट. पण ही सोय आपोआप सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीवर खूण करावी लागे, आणि ती करताच विंडोज सीडी मागे. लागणाऱ्या फायली लँगमध्येच असत. त्या नसतील तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे दिसे आणि जोडाक्षरे सुटी पडत.

सीडीचा आकार कमी करायचा म्हणून हा फोल्डर वगळण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. इंग्रजीपुरते काम करणाऱ्याला तो चालेल. मराठी-कन्नड लिहिणाऱ्याने तो मुळीच मानू नये. जागा खातात त्या चिनी, जपानी, कोरियन भाषांच्या फायली, सुमारे २३० एमबी. भारतीय लिप्यांना १० एमबीच्या आसपास पुरतात. आय३८६ हाताशी घेताना लँग आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे. प्रत्येक संगणकावर तो असतोच असे नाही.

सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने दिलेला सुधारणांचा संच) २ किंवा ३ आय३८६ मध्ये आधीच मिसळून घेता येतो. त्यासाठी पॅकला 'इंटिग्रेट' हा आदेश देतात.

सगळे जुळले की आयएसओ इमेज बनवतात आणि ती सीडीवर मारतात. इथे नवख्याची हमखास फसगत होते: आयएसओ फाइल जशीच्या तशी सीडीवर कॉपी केली जाते आणि सीडीवर एकच मोठी फाइल दिसते. इमेज 'बर्न' करण्याचा पर्यायच निवडायला हवा. एक्सपीत तो नव्हता, विंडोज ७ पासून आला. बर्न चालू असताना वीज गेली तर एकदाच लिहिता येणारी सीडी-आर वाया जाते, म्हणून यूपीएस नसेल तिथे आधी पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवर करून पाहणे शहाणपणाचे. त्याहून चांगले म्हणजे इमेज आभासी संगणकात (संगणकाचे सोंग करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून बघणे.

विस्टापासून दोन्ही अडचणी सरल्या. भारतीय लिप्या मुळातच सुरू असतात, आणि बूट प्रोग्रॅम डीव्हीडीच्या बूट फोल्डरात 'ईटीएफएसबूट' या नावाने उघड दिसतो. नवी अडचण पेन ड्राइव्हची. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयला साधारणपणे फॅट३२ ही फायली साठवण्याची पद्धत लागते, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि अलीकडच्या विंडोजची इन्स्टॉल फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. ती विंडोजच्या डिझम या आदेशाने तोडून दोन-तीन तुकड्यांत ठेवतात. सेटअप ते तुकडे आपणहून जोडून वाचतो.

अशी सीडी बनवल्याने परवाना मिळत नाही. संगणकाच्या डब्यावर चिकटवलेली 'की' (प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा क्रमांक) त्याच प्रकारच्या फायलींना लागते. कंपनीने बनवलेल्या तयार संगणकातला आय३८६ आणि दुकानात सुटी विकली जाणारी आवृत्ती यांतला फरक सेटअपपी या छोट्या फाइलीत नोंदलेला असतो. सेटअप ही 'की' नाकारत असेल तर आधी तीच फाइल तपासावी.