छोट्या व्यावसायिकांना मोफत विधी साहाय्य (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे आणि नवी मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या किंवा अल्पसंख्याक समाजातल्या छोट्या व्यावसायिकांना सरकारी खर्चाने मिळणारा वकील, सल्ला आणि तडजोडीची सोय. फेरीवाले, भाड्याच्या गाळ्यातले दुकानदार, शिवणकाम किंवा डबे करणाऱ्या बायका, वागळे इस्टेट व तुर्भे-महापे पट्ट्यातले सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार हे सगळे त्यात येतात. मात्र त्यांच्यासाठी म्हणून आखलेली योजना नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये मोफत मदतीला कोण पात्र हे कलम १२ सांगते. त्यात ‘स्थलांतरित’ हा शब्द नाही आणि ‘अल्पसंख्याक’ हाही नाही. या लोकांना आत यावे लागते ते दुसऱ्याच कुठल्या तरी दाराने.

स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेली व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. इतरांचे वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांच्या आत असावे लागते. त्यामुळे मुंब्र्यात शिलाईचे काम करणारी मुस्लिम बाई कितीही कमावत असली तरी पात्र ठरते, आणि त्याच गल्लीत बिर्याणीची गाडी लावणारा तिचा नवरा उत्पन्नाच्या हिशेबात अडकतो. नवबौद्धांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा बौद्ध दुकानदार धर्मामुळे नव्हे, तर जातीच्या दाखल्यावर आत येतो. ज्यूंना महाराष्ट्राने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला आणि ठाण्यात त्यांचे १८७९ चे सिनेगॉगही आहे. पण कलम १२ पुढे त्या दर्जाचा काही उपयोग नाही. कलमाची सुरुवात मात्र ‘प्रत्येक व्यक्ती’ अशी आहे, ‘प्रत्येक नागरिक’ अशी नाही, म्हणजे नागरिकत्वाची अट त्यात नाही.

उत्पन्नाबद्दल अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, असे कलम १३ म्हणते. गोरखपूर किंवा दरभंग्याहून आलेल्या माणसाकडे तहसीलदाराचा दाखला सहसा नसतो. त्याच्या दृष्टीने सगळ्या अधिनियमात याहून कामाचे वाक्य नसेल. अर्ज मंजूर झाला की वकिलाची फी, कोर्ट फी आणि कागदपत्रांच्या नकलांचा खर्च विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे ही मदत देणारी सरकारी यंत्रणा, करते.

ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात मोडतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात. बोलताना सगळे नवी मुंबईच म्हणतात, पण खारघरच्या दुकानदाराला तालुक्यासाठी पनवेल आणि जिल्ह्यासाठी अलिबाग गाठावे लागते. १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी दोन्हीकडे चालते.

सर्वांत जास्त गरज भासते ती फेरीवाल्यांना. ‘गाडी आली’ अशी हाक उठली, की महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचा ट्रक येतो आणि तराजू, भाजी, छत्र्या उचलून नेतो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार जप्त मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. विक्रेत्याला जागेवरून हलवायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कायद्याप्रमाणे वागणाऱ्या विक्रेत्याला पोलिसांनी किंवा अन्य अधिकाऱ्यांनी अडवू नये, अशीही तरतूद आहे. पण टोमॅटोचा हक्क एका दिवसाचा असतो, आणि वकील नेमून मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून अशा वेळी खरी मदत होते ती यादीची प्रत मागायला लावणाऱ्या आणि जागेवर दोन ओळींचा अर्ज लिहून देणाऱ्या विधी स्वयंसेवकाची. वकिलाचे काम पुढचे: परवाना नाकारला गेला किंवा तक्रार निवारण समितीपुढे जायचे असले तर.

‘अल्पसंख्याक’ हा शब्द सापडतो तो याच अधिनियमात. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे तो सांगतो. स्थलांतरितांची अडचण निराळी आहे. महाराष्ट्रात फेरीवाल्यांच्या नोंदणीसाठी अधिवासाचा दाखला मागितला जातो आणि तो साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. मूळ केंद्रीय अधिनियमात अशी अट नाही. त्यात भर म्हणजे, एल्फिन्स्टन रोड स्थानकातल्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. ठाणे स्थानकाबाहेर गिऱ्हाईक नेमके त्याच पट्ट्यात असते.

गाळेवाल्यांचे बहुतेक तंटे तोंडी कराराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत. अनामत रक्कम बुडाली म्हणून गप्प बसणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसते. दुकानाच्या नोंदणीचा धाक मात्र विनाकारण वाटतो: २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असल्यास नोंदणी नको, नुसती सूचना पुरते. मराठी पाटी सर्वांनाच सक्तीची आहे.

मोठ्या कंपनीकडे बिल थकले तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही सोय माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही.

न वटलेल्या धनादेशांची प्रकरणे लोकअदालतीत पुष्कळ मिटतात. दावा दाखल होण्याआधीही तेथे जाता येते, आणि दाखल दावा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नाही. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याने तडजोडीचा मसुदाही बहुधा मराठीत असतो. उर्दू किंवा मल्याळम वाचणाऱ्या व्यापाऱ्याला तो समजावून सांगण्याचे काम प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलावर येते.