न्याहारी आणि जेवणाच्या वेळा

रात्रभराचा उपास सोडणारे दिवसाचे पहिले खाणे म्हणजे न्याहारी. झोपेत पोटात काही जात नाही, तेव्हा यकृत आपल्या साठ्यातली साखर थोडीथोडी रक्तात सोडत असते. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढले की हे काम आणखी जोर धरते. त्यामुळे निरोगी प्रौढ माणूस सकाळी काही न खाता राहिला तरी सहसा बिघडत नाही. इन्शुलिन किंवा (शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या) सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींचे तसे नाही. औषध घेतले आणि खाणे राहिले, तर साखर झपाट्याने उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्याहारी सोडू नये.

न्याहारी चुकवली की वजन वाढते, हृदय बिघडते, ही समजूत मुख्यतः पाहणीवजा, म्हणजे लोकांच्या सवयी नुसत्या नोंदवणाऱ्या अभ्यासांतून रुजली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे २७ हजार पुरुषांची १६ वर्षे नोंद ठेवली होती. न्याहारी न करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका २७ टक्के जास्त दिसला. पण याच मंडळींत धूम्रपान आणि मद्यपान जास्त होते, व्यायाम कमी होता. असे फरक गणिताने वजा केले तरी पुरते निघत नाहीत, म्हणून सारा दोष न्याहारीच्या माथी मारता येत नाही. प्रत्यक्ष प्रयोगांत चित्र बरेच वेगळे निघाले. १३ प्रयोगांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या आणि वजनही किंचित जास्तच भरले. सकाळी उपाशी राहिलेला माणूस दुपारी दामदुप्पट खातो, हे काही खरे ठरले नाही.

माझ्या मते, न्याहारी करावी की नाही यापेक्षा रात्री किती उशिरा आणि किती जेवतो, हा प्रश्न मोठा आहे. तेच ताट सकाळी आठला आणि रात्री आठला जेवून पाहिले, तर रात्री रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडालाही स्वतःचे घड्याळ असते, आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन इन्शुलिनच्या स्रावाला आवर घालते. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचे सगळे खाणे दुपारी तीनच्या आत उरकले. वजन न घटताही त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, रक्तदाबही उतरला. वजन घटवायला मात्र वेळेची जादू चालत नाही. २०२२ मधील वर्षभराच्या प्रयोगात कॅलरी सारख्याच कमी केल्यावर, फक्त सकाळी आठ ते दुपारी चारमध्ये जेवणाऱ्यांचे वजन वेळेचे बंधन नसलेल्यांपेक्षा लक्षणीय जास्त उतरले नाही.

जेवून लगेच आडवे झाले की आम्ल वर येते, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. रात्रपाळीवाल्यांची अडचण याहून खोल आहे, कारण त्यांचे जेवणच शरीराच्या रात्रीत पडते. २०२१ मध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे जागवले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर वाढली. ज्यांना फक्त दिवसा जेवण दिले, त्यांची वाढली नाही.