धाबे, पत्रा, स्लॅब : खान्देशातील घराच्या छताची पार्श्वभूमी

खान्देशात उन्हाळा घरात शिरतो तो वरून. जळगाव, भुसावळ आणि धुळे ही शहरे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आगेमागे असल्यामुळे २५ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच राहते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानलेले नऊ दिवस, सुरू होतो तोही याच सुमारास. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना अर्धा-अर्धा दिवस वाटून मिळतो, आणि सपाट छत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत राहून दुपारी चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात उष्णता झेलते. भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही दर मे महिन्याची बातमी असली, तरी त्या पाऱ्याचा त्रास घरात किती पोहोचतो हे छत कशाचे आहे यावर ठरते, आणि ते गेल्या शंभर वर्षांत दोनदा बदलले आहे.

जुने छत म्हणजे धाबे. तापीच्या मैदानात पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर, म्हणून मातीचे सपाट छत येथे टिकू शकले. कोकणात त्याचा विचारही कोणी केला नसता. घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेच्या मापाने, मोजले जाई. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा जंगलातील काटक्यांचा दाट थर, त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या तुराट्या, कुठे निंबाचा पाला, मग तुडवलेला चिखल आणि सर्वांत वर खारी माती, अशी ती रचना असे. ही खारी माती गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून, किंवा नदीनाल्याच्या काठावरच्या खारपट जागेतून येई. शेतातली काळी माती या कामाला निरुपयोगी, कारण ती उन्हात हातभर भेगाळते. क्षारयुक्त मातीचे कण मात्र पहिल्या पावसात सुटे होऊन बारीक छिद्रे बुजवतात आणि पुढचे पाणी वरच्या वर वाहून जाते. माती परीक्षणाची प्रयोगशाळा तालुक्यात येण्याच्या कितीतरी आधी हे ज्ञान गावात होते, आणि त्याची किंमत आपण फार उशिरा ओळखली असे माझे मत आहे.

या थरांची जाडी सहज फूटभर होई. हिशेब मांडायचा तर ३० सेंटिमीटर मातीचा उष्णतेला होणारा अडथळा हा १२ सेंटिमीटर काँक्रीटच्या अडथळ्याच्या पाचपट भरतो. त्याहून महत्त्वाचा गुण उशिराचा. दुपारी वरच्या मातीला लागलेली आच खालच्या कड्यांपर्यंत यायला आठ-दहा तास लागत, तोवर रात्र झालेली असे, आणि घरातली माणसे वळकट्या घेऊन त्याच धाब्यावर झोपायला गेलेली असत. दुपारी घरात आणि रात्री घरावर, हा या वास्तूचा वापराचा नियम होता. ज्यांनी अशा घरात मे महिन्याची दुपार काढली आहे त्यांना अंधाऱ्या मधल्या खणातली सारवलेली जमीन, छतातल्या भोकातून उतरणारी उन्हाची एक तिरीप आणि कोपऱ्यातल्या माठाचा गारवा आठवत असेल.

मात्र या आठवणींमुळे धाब्याचे दोष झाकले जाऊ नयेत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उरकली की रोहिणी नक्षत्राच्या आत खारी आणून टाकण्याची, पसरण्याची आणि ठोकण्याची दरवर्षीची मेहनत चुकत नसे, आणि त्यातली पाट्या डोक्यावर वाहण्याची मेहनत बहुधा बायकांच्या वाट्याला येई. चार दिवसांची झड लागली की कुठेतरी गळतेच. मग रात्री उठून घमेली मांडायची आणि पावसात वर जाऊन गळती माती दाबून बंद करायची. वाळवी, विंचू, उंदीर हे कायमचे बिऱ्हाडकरू. भिजून जड झालेले जुने धाबे कुजक्या कडीसकट खाली येण्याची भीती प्रत्येक पावसाळ्यात असे. शिवाय सातपुड्यातले सागवान जंगल-कायद्यांमुळे आणि तोडीमुळे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले. धाबे सोडणारे लोक अडाणी होते म्हणून नव्हे, तर दमले होते म्हणून त्यांनी ते सोडले.

पन्हाळीच्या लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली लंडनमध्ये घेतले होते; गोद्यांच्या शेडसाठी निघालेली ती वस्तू पुढे जगभर पसरली आणि आपल्याकडेही गोदामे, गोठे, जिनिंगच्या शेड असे करत राहत्या घरांवर आली. पत्रा गळत नाही, हलका असतो, एका दिवसात चढतो. पण मिलिमीटरहून पातळ लोखंड उष्णतेला अडवत नाही म्हटले तरी चालेल. म्हणून पत्र्याच्या घरात आजही वर कडबा, पऱ्हाट्या किंवा पाचट अंथरतात, म्हणजे धाब्याचा मधला थर पत्र्यावर परत येतो.

स्लॅबचा प्रसार व्हायला सिमेंटची वाट पाहावी लागली. नियंत्रणाच्या काळात सिमेंट परमिटवर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले, आणि त्यानंतर कॉलन्यांपासून खेड्यांपर्यंत धाबी पाडून चार-पाच इंची स्लॅब पडू लागले. स्लॅबने गळती, वाळवी आणि वार्षिक मेहनत एका फटक्यात संपवली, परंतु त्याची उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमकी संध्याकाळी, माणसे घरी परतल्यावर. रात्री दहाला पलंगावर उभे राहून छताला तळवा लावला तर तापल्या तव्याजवळ हात नेल्यासारखे वाटते, आणि पंखा तीच हवा अंगावर लोटतो. खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांची आणि कुलरची ख्याती येथे यामुळेच वाढली. एप्रिल-मेमधली कोरडी हवा कुलरला अनुकूल असते हे खरे, पण कुलर हवा थंड करतो, स्लॅब नाही.

छताला इन्सुलेशन करण्याची आजची भाषा आली ती वेगळ्या हवामानातून. अमेरिकेतील घरे लाकडी सांगाड्याची आणि उतरत्या छपराची. छप्पर आणि खोलीचे आढे यांच्यामध्ये मोकळा माळा असतो. काचतंतूची लोकर तेथे १९३० च्या दशकात कारखान्यात तयार होऊ लागली आणि तिचे थर या माळ्यात अंथरले गेले, ते प्रामुख्याने हिवाळ्यातली ऊब राखण्यासाठी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवणे हा त्यामागचा मोठा हेतू झाला. आपल्या सपाट स्लॅबवर माळाच नसल्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पोटमाळा असेल तेथेच तिचा सरळ उपयोग आहे. स्लॅबच्या घराला थर लागतो तो स्लॅबच्या वर, थर्माकोलच्या किंवा पफच्या (पॉलियुरेथेन फेसाच्या) पाट्यांचा, आणि त्यावर कोबा. दोन इंच थर्माकोलचा अडथळा फूटभर मातीच्या तिपटीहून जास्त असतो. तोच थर आतून, पीओपीच्या वर बसवला तर खोली वाचते, पण स्लॅब तापून रोज प्रसरण पावतच राहतो.

गंमत अशी की खान्देशात हे तंत्र माणसांच्या आधी केळीला मिळाले. रावेर, सावदा, यावल भागातील रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोल्या, पफ पॅनेलची असतात आणि बाहेर ४४ अंश असताना आत केळीचे घड १६ ते १८ अंशांत पिकत असतात. त्यांत माल लादणारे मजूर रात्री पत्र्याखाली झोपतात.

सरकारी पातळीवर २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००७ ची व्यापारी इमारतींची संहिता आणि २०१८ ची निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता असा क्रम आहे. २०१८ च्या या संहितेनुसार छतातून दर चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबचा हाच आकडा साडेतीन ते चारच्या दरम्यान येतो. परंतु ही संहिता बेतली होती ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी; शंभर-सव्वाशे मीटरच्या प्लॉटवरचे कॉलनीतले घर तिच्या कक्षेत येत नाही.

त्यामुळे तेथे लोक आपला मार्ग शोधतात. कोणी गच्चीवर हिरवी जाळी बांधतो, कोणी पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा कोबा करतो, आणि बहुतेक जण चुन्यात फेविकॉल कालवून गच्ची पांढरी करतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि सर्वांत स्वस्त पडतो, फक्त वावटळींची धूळ बसली आणि एक पावसाळा गेला की त्याचा गुण उतरतो. खारी टाकायची ती पावसाच्या तोंडावर. चुना मारायचा तो होळी झाली की, आणि पुढच्या होळीला पुन्हा.